गाठिया आणायला गेलेला माणूस

"खोटं कशाला सांगू," असं म्हणून ते गोष्ट सुरू करायचे, आणि पुढचं पहिलंच वाक्य खोटं असायचं.

असा एखादा माणूस तुमच्याही माहितीत असेल. आमच्या बडोद्यातल्या अकोट्याच्या सोसायटीत होता. जिन्याच्या एका अंगाला माझं दार, समोर त्यांचं. मी त्यांना भाऊ म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला वहिनी. जन्मभर शाळेत गणित शिकवलं म्हणून दोघांसाठी मी 'बाई'. भाऊंचे पणजोबा म्हणे संस्थानच्या फौजेत होते. भाऊ स्वतः गावाबाहेरच्या एका कारखान्यात फिटर. "पणजोबांच्या लढाया संपल्या आणि तुमच्या सहली सुरू झाल्या," असं मी म्हटलं की ते खूश व्हायचे. टोमणा कळायचा नाही असं नाही, पण कौतुकाचा भाग तेवढा उचलायचे.

त्यांची सुट्टी बुधवारी. सगळं बडोदं कामावर निघायचं तेव्हा हे दोघं स्कूटरवर बसून उलट्या दिशेला निघायचे. डभोई, चांदोद, पावागड, जमेल तेव्हा रेल्वेनं द्वारका, सोमनाथ. वहिनींच्या पिशवीत ठेपले, कैरीचा छुंदा आणि एक जादा साडी. जादा साडी कशाला विचारलं तर म्हणायच्या, "ह्यांच्याबरोबर जायचं म्हणजे कुठे मुक्काम पडेल याचा काय भरवसा?"

तेही खरंच होतं म्हणा. धड ठरल्या जागी जाऊन धड वेळेवर परत आलेत, असं त्यांचं सहसा व्हायचं नाही. आणि परत आले की संध्याकाळी लिंबाखालच्या बाकावर दरबार भरायचा.

"खोटं कशाला सांगू बाई, डभोईच्या पुढे स्कूटरची क्लचवायर तुटली. अंधार. चिटपाखरू नाही. आणि समोर वाघ!"

वहिनी मेथी निवडत असायच्या. मान वर न करता म्हणायच्या, "कुत्रं होतं. आणि दुपारचे चार वाजले होते."

"बरं, कुत्रं. मग एक ट्रक आला..."

"ट्रॅक्टर. मागे कापसाची ट्रॉली. त्या कापसाच्या ढिगावर आम्ही दोघं आणि आमच्या शेजारी स्कूटर, अशी आमची वरात बडोद्यात आली. सासूबाई दारात उभ्या. माझ्या केसांत एवढा कापूस! त्यांना वाटलं, एका दिवसात सून पिकली."

"पाहा, सांगितलं की नाही मी?" भाऊ आम्हा सगळ्यांकडे विजयानं बघायचे. सगळी गोष्ट वहिनींनी सांगितलेली असायची. यांचा त्यात वाघ तेवढा.

दुसरी गोष्ट द्वारकेच्या वाटेवरची. मधल्या एका लहानशा स्टेशनवर भाऊ गाठिया आणायला उतरले आणि गाडी सुटली. भाऊ सांगायचे, "ही पुढच्या स्टेशनवर उतरली आणि धाय मोकलून रडत बसली."

"मी रडले?" मेथीची जुडी खाली. "मी स्टेशन मास्तरांच्या बायकोकडे आंघोळ केली, कढीभात जेवले आणि त्यांच्या पोरीची वेणी घालून दिली. रडत तुम्ही आला होतात. छकड्यात उभं राहून, हातात गाठियाची पुडी."

"तुला काळजी वाटली नाही माझी?"

"कशाला वाटेल? येणार हे माहीतच होतं."

मला वाटायचं, काय हा थापाड्या माणूस! चुकीचं उत्तर दिसलं की माझा हात शिवशिवतो, नोकरीचा दोष आहे तो. पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आलं की भाऊंच्या चुका नेमक्या वहिनींना बोलतं करतील तिथेच असतात. कुठलं गाव, कुठला रस्ता, हे कधी चुकायचं नाही. वहिनी मुळात अबोल. चार माणसांत त्यांनी तोंड उघडायचं तर भाऊंनी काहीतरी धडधडीत खोटं बोलायला हवं. आणि एकदा बोलायला लागल्या की भाऊ गप्प होऊन त्यांच्याकडे असे बघत बसायचे, की आपणच नजर दुसरीकडे वळवावी.

मग भाऊ निवृत्त झाल्यानंतरच्या एका संध्याकाळी त्यांनी वाघ आणला आणि वहिनी काहीच बोलल्या नाहीत.

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. त्या मेथीची पानं टाकून देत होत्या आणि काड्या ताटलीत ठेवत होत्या. भाऊ थोडा वेळ थांबले, हसले, आणि म्हणाले, "चला, आज वाघच होता म्हणायचा."

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. नाव कळून काय होतं? विसरत जाणार, एवढंच खरं. पुण्याला दिलेली मुलगी धावत आली, चार दिवस राहिली, "दोघंही माझ्याकडे चला" म्हणाली. भाऊ म्हणाले, "इथले रस्ते तिच्या ओळखीचे आहेत." वहिनींना तेव्हा गॅसची शेगडी ओळखू येत नव्हती.

त्यानंतर भाऊंचं खोटं वाढत गेलं. वाघाचे दोन वाघ झाले. द्वारकेची गाडी समुद्रावरून जायला लागली. स्टेशन मास्तरांच्या बायकोनं वहिनींना उपाशी ठेवलं, दारही उघडलं नाही. दर संध्याकाळी ते वहिनींना हाताला धरून बाकावर आणायचे आणि असलं काहीतरी सांगायचे, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबायचे. लोक एकेक करून उठून जायला लागले. ऐकवत नव्हतं. वहिनी समोर बघत बसायच्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

एकदा मला राहवलं नाही. कढीभाताची गोष्ट इतकी वेडीवाकडी केलेली पाहून मी म्हटलं, "भाऊ, काहीतरीच काय! पोटभर जेवल्या होत्या त्या, वर पोरीची वेणीसुद्धा घातली होती."

ते माझ्या अंगावर असे ओरडले की मी चरकलेच. "तुम्ही नका बोलू! तुम्हाला कुणी विचारलंय? तिला बोलू दे!" आणि मग एकदम आवाज खाली आणून, "माफ करा हं बाई. पण तुम्ही सांगितलंत तर ती कशाला सांगेल? एकदा, एकदाच म्हणू दे तिला, असं नव्हतं म्हणून. मग मी काही मागणार नाही."

मला त्यांचा राग आला नाही. 

हिवाळ्यात त्यांनी गाडी भाड्यानं केली. "डभोईला नेतो तिला. जागा बघून आठवेल. तुम्ही बरोबर चला बाई, बायकामाणसाचा आधार लागतो." मी गेले. जुन्या वेशीच्या बाहेर एका चहाच्या टपरीपाशी बाकडं होतं, त्यावर बसलो. मधे भाऊ, एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला मी. ऊन कोवळं होतं, समोरून कापसाची एक ट्रॉली गेली. भाऊंनी माझा हात दाबला. जणू त्यांनीच ती मागवली होती.

"खोटं कशाला सांगू," ते मोठ्यानं म्हणाले, "इथून आम्ही दोघं हत्तीवर बसून बडोद्याला गेलो."

वहिनी थोड्या सरकून बसल्या. पदर सारखा केला. मग भाऊंकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही बडोद्याचे का हो?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.  शेवटी म्हणाले, "हो. अकोट्याचा."

"म्हणजे आमच्याच बाजूचे. आमचे हे गाठिया आणायला गेलेत. येतीलच इतक्यात." मग त्या म्हणाल्या, "पण हत्ती नव्हता हं. कुणी सांगितलं तुम्हाला? ट्रॅक्टर होता."

ज्या एका वाक्यासाठी हा माणूस झुरत होता, ते आलं. असं आलं.

"हो का?" भाऊ म्हणाले. "मग काय झालं?"

वहिनींनी सगळं सांगितलं. क्लचवायर, कुत्रं, कापूस, दारातल्या सासूबाई, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि शेवटी आवाज लहान करून, जे आम्ही कधीच ऐकलं नव्हतं ते: "आमचे हे तसे घाबरट आहेत. वाघाच्या गप्पा मारतात, पण त्या दिवशी ट्रॉली हलली की माझा हात घट्ट धरायचे. बडोदं येईपर्यंत सोडला नाही. मी कुणाला सांगितलं नाही. आपल्या माणसाची लाज आपण राखायची. तुम्हीही सांगू नका हं."

"नाही सांगणार," भाऊ म्हणाले.

येताना ते ड्रायव्हरशेजारी पुढे बसले. वहिनी मागे माझ्याजवळ. वाटेत त्यांनी मला दोनदा विचारलं, "ह्यांना सोडून कशी निघाली गाडी?"

त्यानंतर घरात कठीण झालं. वहिनींना घरातला हा परका पुरुष सहन होईना. भाऊंनी भरवलेला घास घेईनात. "बाहेर व्हा, हे आले तर काय म्हणतील?" असा आवाज मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. कामाला ठेवलेली बाई होती, तिच्या हातून कसेबसे चार घास जायचे. वहिनींच्या हाताच्या काड्या झाल्या. मुलगी फोनवर रडायची.

आणि एका सकाळी मी दार उघडलं तर भाऊ जिन्यात उभे. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. स्वतःचं दार बाहेरून ओढून घेतलेलं. खिशातला कंगवा काढून त्यांनी भांग सारखा केला आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवली.

दार वहिनींनी उघडलं. भाऊंनी हात जोडले. "भाऊ आहेत का घरात? जरा काम होतं."

"आत्ताच बाहेर गेलेत. आवो, बसा ना. येतीलच इतक्यात."

भाऊ आत गेले. मी तशीच उभी, हातात दुधाची पिशवी.

मग हे रोजचंच झालं. पाहुण्याला पाणी द्यावं लागतं, चहा विचारावा लागतो, ही रीत वहिनी विसरल्या नव्हत्या. चहा कामवाली करायची, पण द्यायच्या वहिनी. "हे येईपर्यंत दोन घास खाऊन घ्या," असा आग्रह करायच्या आणि पाहुण्याला सोबत म्हणून स्वतः जेवायच्या. पाहुणा म्हणायचा, "तुम्ही द्वारकेला गेला होतात म्हणे?" की सुरू. पाहुणा उठला की दारापर्यंत पोचवायला यायच्या. "आवजो हं. परत या. भेटतील पुढच्या खेपेला." भाऊ गच्चीवर जायचे, एक बिडी ओढायचे, आणि वहिनींचा डोळा लागला की चोरासारखे घरात शिरायचे.

मी त्यांना एकदा गच्चीवर गाठलंच. म्हटलं, "भाऊ, हे काय मांडलंय? जीव जाईल तुमचा अशानं."

ते हसले. "खोटं कशाला सांगू बाई, मला ऐकायला आवडतं. संसारात तोंडावर कधी बरं बोलली नाही ती माझ्याबद्दल. आता काय कौतुक करते! यांच्यासारखा माणूस नाही म्हणते. रस्ता चुकतात, पण येतात."

मग त्यांनी बिडी कठड्यावर विझवली. "एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. ती वाट बघतेय आणि तो येत नाही. रोज मीच बसून बघतो, तो येत नाही. मला त्याचा राग येतो हो बाई. इतका राग येतो की समोर आला तर थोबाडीत मारीन."

मी गच्चीवरचे कपडे काढत राहिले. माझे नव्हतेच ते, शेजारणीचे होते.

पावसाळा सरता सरता, एका दुपारी, माझं दार वाजलं. वहिनी उभ्या होत्या. त्या एकट्या दाराबाहेर आल्याला कितीतरी महिने झाले होते. म्हणाल्या, "बाई, ते पाहुणे आलेत ना, ते बोलता बोलता झोपलेत. मी हाक मारली, उठत नाहीत. परक्या माणसाला हात कसा लावायचा?"

मी धावले. भाऊ सोफ्यावर बसलेले होते, मान एका बाजूला, पायात बूट. समोर चहाचा कप, अर्धा प्यायलेला. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले, नाडी बघितली, माझ्याकडे पाहून मान हलवली. सोसायटीतली माणसं जमली. मी मुलीला फोन केला, ती लगेच निघाली. कुणीतरी भाऊंना खाली चटईवर घेतलं, बूट काढले. वहिनी भिंतीशी उभ्या राहून सगळं बघत होत्या. रडत नव्हत्या. चेहऱ्यावर नुसती काळजी होती.

थोड्या वेळानं त्यांनी माझा पदर ओढला आणि बाजूला नेलं. "बाई, त्यांच्या घरी कळवलंत का कुणी?"

मी म्हटलं, "कळवलंय वहिनी."

"बायको असेल ना त्यांची? ती बिचारी वाट बघत असेल." त्यांच्या डोळ्यांत आता पाणी आलं. "फार चांगले होते हो. माझं सगळं ऐकून घ्यायचे. तिला जरा सावकाश सांगा म्हणावं."

मग त्यांनी स्वतःच जमलेल्या बायकांना बाजूला केलं, चटईशी आल्या आणि गुडघे धरून हळूहळू खाली बसल्या. पदर डोक्यावर घेतला. "ती येईपर्यंत मी बसते त्यांच्यापाशी," त्या म्हणाल्या. "माणसाला असं एकटं कसं ठेवायचं?"