सोवळ्याचा रांजण

वसईजवळच्या उमेळ्याच्या काशिनाथ नाईकाच्या घरात मासा शिजत नव्हता, पण नांदत होता. गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या आसपासची. घर असं कडक सोवळ्याचं, की कोळणीची पाटी दारावरून गेली तरी दार लोटून घ्यायचे. त्याच घराच्या ओटीवर काचेची पेटी आणि पेटीत जिवंत मासे म्हटल्यावर गावाला दुसरा विषय कशाला हवा? "काशिनाथ, आज कालवणाला कुठला काढणार?" असं वाडीच्या वाटेवर कुणीतरी विचारायचंच, आणि आपल्याच विनोदावर पोट धरून हसायचं. काशिनाथ केळीच्या लोंगरांकडे बघत पुढे जायचा. दिसायला भोळसट, पण हट्टी म्हणजे असा हट्टी, की हातात धरलेलं सोडायचं त्याला शिकवलंच नव्हतं कुणी.

मासे आणले होते पापडीच्या प्लासिडने. हा त्याचा शाळेतला मित्र, आगबोटीवर स्वयंपाकी. ऑस्ट्रेलियाच्या कुठल्याशा बंदरात त्याने बरणीभर मासे घेतले. वाटेत बरेचसे मेले, चार तेवढे जिवंत घरी पोचले. निळसर पाठ, चंदेरी पोट, अंगावर तांबूस रेघा. अंगण ओलांडून ऊन ओटीवर आलं की एकेक मासा वळताना रंग बदलायचा. प्लासिड त्यांना सप्तरंगी म्हणायचा. खिडकीच्या काचा लोखंडी चौकटीत बसवून पेटीही त्यानेच करून दिली.

काशिनाथच्या बायकोने, रुक्मिणीने, पेटी बघितली आणि कमरेवर हात ठेवले. "एक सवत आणली असती तर समजले असते. तुम्ही चार चार आणल्यात?"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. बायका हळदीकुंकवाला तिला शेवटी बोलवायच्या. ती मात्र हसून, टोमणे मारून दिवस काढायची. सवतींचं पाणी बदलायचं कामही तिनेच ओढून घेतलं.

मासे अंडी घालायचे आणि तोंड फिरवून तीच गिळायचे. काशिनाथ पेटीसमोर बसून चरफडायचा. जनावर आहे की राक्षस, म्हणायचा. रुक्मिणीने केळीच्या सोपाचे, खोडाच्या सालीचे, धागे काढले, उकळले, धुतले आणि त्यांची जुडी करून पाण्यात सोडली. अंडी त्या धाग्यांना चिकटू लागली, की जुडी उचलून दुसऱ्या बरणीत. तरी अंडी थोडीच, आणि निघालेली पिल्लं दम धरत नव्हती. प्लासिड सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, "अरे, नुसत्या पिठावर काय जगतील? जिवंत किडा घाल, डासाचा."

मग मागच्या दाराशी, अळवाच्या सावलीत, एक जुना रांजण भरून ठेवला. डासांना कुणी आमंत्रण द्यावं लागत नाही. थोड्याच दिवसांत पाण्यात वळवळ सुरू झाली. काशिनाथ फडक्याने किडे गाळून पेटीत टाकायचा आणि मासे असे तुटून पडायचे की बघत राहावं. अंडी वाढली. बरणीत सुईच्या टोकाएवढी पिल्लं तरंगू लागली, आणि या खेपेला ती जगली.

त्याच पावसाळ्यात रुक्मिणीला दिवस राहिले.

आता नऊ वर्षं वाट पाहिलेल्या माणसाने या दोन गोष्टींची गाठ मारली, तर त्याला दोष तरी किती द्यायचा? काशिनाथने मारली. पिल्लं जगली म्हणून घरात मूल येतंय. पिल्लं जगतील तोवर मूल सुखरूप. हे तो कुणाला बोलला नाही, पण रुक्मिणीला कळलं, आणि तिलाही ते पटलं. मरतुकडं पिल्लू दिसलं की दोघंही हातातलं काम टाकून बरणीपाशी बसायचे.

पाऊस ओसरला आणि गावात हिवतापाने हातपाय पसरले. पापडीत माणसं गेली. दवंडी पिटली गेली: घरात, परसात पाणी साठवू नका, डास होतात, डासांनी ताप येतो. काशिनाथने ती नीट ऐकली. अडाणी नव्हता तो. पण प्रत्येक वाडीत बावखल, शिंपणाचं तळं, आहे, पाटाला पाणी आहे, शेजाऱ्याच्या विहिरीला झाकण नाही. आपल्या एका रांजणाने काय असं आभाळ कोसळतं, असं त्याने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला समजावायला बसला की त्याच्यासारखा वकील नाही.

हिवतापवाले आले ते एका सकाळी. नायगावच्या खाडीकडचा श्रीपत तेलाचा डबा घेऊन परसात शिरला. डबक्यात डासांचे किडे मारायचं तेल ओतलं, फुटक्या करवंट्या पालथ्या केल्या, आणि अळवापाशी येऊन थांबला. रांजणावर रोवळी उपडी घातली होती.

"वैनी, या रांजनान कसलं पानी हाय? रोवली काडा, बगू."

काशिनाथ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. रुक्मिणीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि ती पुढे झाली.

"शिवू नकोस! सोवळ्याचं पाणी आहे ते, देवाचं. तू हात लावलास तर सगळं उपसून पुन्हा भरावं लागेल, आणि मी ही अशी."

श्रीपत चटका बसावा तसा मागे सरला. "चुकलो, वैनी," म्हणाला आणि डबा उचलून पुढच्या वाडीत गेला.

"कसा पळाला बघा," रुक्मिणी पदराआड हसली. काशिनाथही हसला. त्या हसण्याची त्याला जन्मभर शिसारी येणार होती.

रुक्मिणीला हुडहुडी भरली तेव्हा पाचवा महिना सरत आला होता. घरातली सगळी पांघरुणं घातली तरी दात वाजायचे, मग अंग तव्यासारखं तापायचं, मग घाम. वसईहून डॉक्टर आला, क्विनाईन दिलं, पोटुशी बाई आहे म्हणून मान हलवली. एक दिवस उतार, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काशिनाथ उशाशी बसून राहिला. मागच्या दारातून डास गुणगुणत आत येत होते आणि तो पंच्याने ते वारत होता. हा रांजणातला की बावखलातला? ते कुणीच सांगू शकत नव्हतं. पण नको तेच उत्तर येईल, या भीतीने त्याने कुणाला विचारलंही नाही.

"पिल्लांना रंग आला का हो?" तिने एकदा विचारलं.

"येईल. थोडी मोठी होऊ देत."

"किडे घातलेत ना आज? विसराल. जा, घालून या."

तो उठला. मागच्या दाराशी जाऊन रांजणापुढे उभा राहिला आणि त्याला रडू फुटलं. तरी त्याने किडे गाळले. तिने सांगितलं होतं, आणि पिल्लं जगायला हवी होती.

पोटातलं मूल आधी गेलं. मुलगा होता. दोन दिवसांनी रुक्मिणी गेली.

सुतक फिटलं तरी काशिनाथ परसात फिरकला नाही. रोवळी होती तशीच रांजणावर राहिली. ओटीवर माशांना कुणी खायला घालेना. पेटीत सोडलेल्या पिल्लांतली बरीचशी मोठ्यांनी गिळली. उरलेल्या पिल्लांच्या अंगावर एका सकाळी रंग दिसला, निळा आणि तांबूस, आणि काशिनाथने पेटीवर घोंगडं टाकलं.

पुढच्या फेरीला श्रीपत आला. त्याला घरातलं वाईट कळलं होतं. डबा खाली ठेवून त्याने काशिनाथला हात जोडले. मग कामाला लागला. डबकं, गटार, करवंट्या. अळवापाशी येऊन तो स्वतःच चार हात लांब थांबला.

"यो रांजन मी सोरतो, भाऊ. माज्या ध्यानान हाय. सोवल्याचा हाय, वैनींनी सांगितलेला."

काशिनाथने पुढे होऊन रोवळी काढली. डासांचा एक लोट वर आला आणि दोघांच्या तोंडाभोवती पसरला. खाली पाणी वळवळत होतं.

श्रीपत पाण्याकडे बघत राहिला. मग त्याने काशिनाथकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलं.

"हात घाल," काशिनाथ म्हणाला. "घाल रे हात. ती खोटं बोलली. माझ्यासाठी बोलली."

श्रीपतने दोन्ही हात मागे बांधले. "नको, भाऊ," तो हळूच म्हणाला. "मेलेल्या मानसाचा शबुद हाय."

त्याने लांबूनच डबा पुढे सरकवला. तेल काशिनाथला स्वतःच ओतावं लागलं.