कोपऱ्यातले झेंडे

"मुकी हाये का वं थे पोरगी?"

"मुकी कायची? त्या चष्मेवाल्या सरासंग इंग्लिश बोलते ना. आपलं नाही समजत तिले."

शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, डबा उघडून बसलेल्या दोघी माझ्याबद्दल बोलत होत्या. मी त्यांच्या शेजारीच एका निळ्या पिशवीचा बंद उसवत होते. मान वर केली नाही. मला सगळं समजत होतं.

पांढरकवड्याजवळच्या त्या गावात आम्ही तिघं एका भाड्याच्या जीपमधून आलो होतो. विद्यापीठ एक, विषय तीन. चष्मेवाले सर बंगालचे. त्यांचं संशोधन मातीतल्या जिवाणूंवर; शेताच्या एका कोपऱ्यात नमुन्यांच्या जागी त्यांनी छोटे झेंडे रोवले होते. दुसऱ्या मॅडम पुण्याच्या; त्या शेतीतल्या रीतीभातींवर प्रबंध लिहीत होत्या. मी डिझाइन विभागातली. कापूस वेचताना बायका कमरेला साडीची ओटी बांधतात, तिचा सगळा भार मणक्यावर येतो. त्याऐवजी खांद्यावर पेलेल अशी पिशवी करायची, हा माझा विषय. आमच्या विद्यापीठात एका जिन्यावर माशांच्या कानातल्या हाडांवर काम करणारा मुलगा भेटतो, दुसऱ्यावर जुन्या दुकानांच्या पाट्यांची अक्षरं गोळा करणारी मुलगी. आम्ही एकमेकांना ओळखीचं हसतो आणि आपापल्या मजल्यावर जातो. मी तर रविवारी कोणाशीच बोलत नसे. सोमवारी मेसमध्ये "अजून एक पोळी" म्हणताना स्वतःचाच आवाज परका वाटायचा.

मी यवतमाळची आहे हे सर आणि मॅडम दोघांनाही माहीत होतं. पण शहरातली, इंग्रजी शाळेतली, म्हणजे इथली बोली मला येत नसणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. ते अगदीच चूक नव्हतं. आईबाबा माझ्याशी ठरवून 'शुद्ध' बोलत. दार लोटून घेतलं की मात्र त्यांचं आपसात सुरू व्हायचं, "काहून वं, काय झालं?" आणि मग हसू. पलीकडच्या खोलीतली ती भाषा मी पांघरुणात पडून ऐकायची. ती माझ्याशी कधी कोणी बोललंच नाही, म्हणून माझ्या तोंडातून ती सहसा निघाली नाही. शाळेत एकदाच, इथल्या बायका म्हणतात तसं "मी जातो" तोंडून गेलं, तेव्हा सगळा वर्ग हसला होता. त्यानंतर मी शाळेत फारसं बोललेच नाही.

धुऱ्यावर बसून या बायकांचं ऐकताना मला तसंच पांघरुणात पडल्यासारखं वाटायचं. त्या माझ्या पिशवीची थट्टा करायच्या. "हे दप्तर लावून निघालो त लेकरं म्हणतीन, आजी शाळेत चालली." मला आतल्या आत हसू यायचं. जावयाचं, दुखऱ्या दाढेचं, शेजारणीच्या नव्या मिक्सरचं, सगळं माझ्यासमोर चालायचं. इतक्या जवळ मला बऱ्याच वर्षांत कोणी बसवून घेतलं नव्हतं. मला समजतं हे कळलं असतं, तर त्या सावरून बसल्या असत्या.

अडचण एकच होती. वेचणी सुरू होत नव्हती.

बोंडं फुटली होती. कापूस खाली लोंबायला लागला होता. आजूबाजूच्या शेतांत पांढरे ढीग दिसत होते आणि आमच्या या शेतात रोज सकाळी बायका यायच्या, तण काढायच्या, डबा खायच्या, जायच्या. आमचा मुक्काम महामार्गावरच्या एका लॉजमध्ये होता. रात्री जेवताना सर म्हणाले, "मजूर मिळत नसतील. वेचणी लांबण्याचं कारण तेच." मॅडमची खंत वेगळी होती. त्यांनी शेतमालकीण काकूंना विचारलं होतं, "आपल्याकडे वेचणीशी निगडित काही विधी आहेत का?" काकू म्हणाल्या, "नाही बाई. आता कोन करते." मॅडम वरणात पोळी बुडवत म्हणाल्या, "इथून प्रथा पूर्ण गेलेली दिसते." मग माझ्याकडे वळून, "तुझ्या पिशव्यांचं काय?" मी म्हटलं, "अजून वेचणीच नाही." बाहेर ट्रक थांबत होते, निघत होते. आईचा फोन आला, "जेवली का?" मी हो म्हटलं. घर तासाभरावर होतं. ये म्हणाली असती तर गेले असते; ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला खरं कारण कळलं.

"कापूस गळून राह्यला आन आपण गवत उपटून राह्यलो," एक जण म्हणाली. "सांग ना वं त्या सराले."

"कसं सांगू माय? पाहुणे हायेत," काकू म्हणाल्या. "आन तो कोपरा त त्यायच्या झेंड्यायनं भरला. सर म्हणते, इथं हातबी धुऊ नका, चूळबी नका भरू. मी त दहीभात शिंपडतो तिथं."

"दुसऱ्या कोपऱ्यात कर."

"सासूनं जिथं दगड मांडले तिथंच मांडतो मी."

"मंग सीतादही न करताच वेच."

"तू वेचशीन का?"



सीतादही मी लहानपणी आजोळी, बोरी अरबला पाहिलं होतं. पहिल्या वेचणीआधी शेताच्या कोपऱ्यात पाच दगड मांडतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, एका झाडाच्या बोंडातला कापूस ओढून त्याचा धागा शेजारच्या झाडावर नेतात, थोडा भात चौफेर शिंपडतात. त्यानंतरच ओटीत पहिला कापूस. सरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त कोपरा हवा होता, कारण तिथं खत पडत नव्हतं, माती जशीच्या तशी होती. गेल्या वेचणीनंतर वर्षभर त्यांनी ती जपली होती. आणि दही म्हणजे जिवाणूच.

"पाहुणे गेले का करू," काकू म्हणाल्या. "तंवर गळला त गळला."

आम्ही अजून आठवडाभर राहणार होतो. आभाळ भरून यायला लागलं होतं. जमिनीवर पडून भिजलेल्या कापसाला कोण विचारणार?

दुसऱ्या कोणीतरी सांगावं असं मला फार वाटलं. पण मॅडमना "नाही बाई" असं उत्तर मिळून चुकलं होतं, सरांना इथल्या लोकांचं हिंदीपलीकडे काही कळत नव्हतं. हे ऐकणारी मी एकटीच होते. बोलले की माझी ती धुऱ्यावरची जागा जाणार, हेही मला दिसत होतं. आणि सरांचं वर्षभराचं कामही.

मी पिशवी बाजूला ठेवली आणि सरांकडे गेले. इंग्रजीत सांगताना वाक्यं नीट आली. इंग्रजीत माझी वाक्यं नेहमीच नीट येतात. सरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"हे त्यांनी तुला सांगितलं?"

"नाही. मी ऐकलं."

"ऐकलं म्हणजे? तुला समजतं?"

"हो."

ते झेंड्यांपर्यंत जाऊन आले. मॅडम उठून जवळ आल्या होत्या, त्यांचं तोंड थोडं उघडंच राहिलं होतं. "आज या हंगामाचे नमुने घेता येतील," सर शेवटी म्हणाले. "नंतर हा कोपरा सोडावा लागेल. पुढच्या वर्षी नवी जागा, पुन्हा पहिल्यापासून." त्यांच्या आवाजात राग होता, पण तो माझ्यावर आहे की कशावर, ते मला कळलं नाही. "पण मला खात्री हवी. तू जाऊन त्यांना विचार. माझ्यासमोर."

आम्ही तिघं धुऱ्याकडे येताना पाहून बायकांनी पदर सावरले, डबे झाकले. काकू उभ्या राहिल्या. सगळ्या सरांकडे पाहत होत्या. माझ्याकडे कोणीच नाही.

मनात शुद्ध वाक्य जुळवलं, ते सोडून दिलं. मग पलीकडच्या खोलीतलं जसं आठवलं तसं म्हणाले,

"काकू, मी यवतमाळचीच आहो. तुमी बोलत होत्या ते मले सारं समजत होतं, दप्तराचंबी. त्या कोपऱ्यापायीच वेचणी थांबली ना? सर आता त्यायची माती काढून घेतेत, मंग कोपरा तुमचा. आजच करा सीतादही."