सरूमावशी बोलली तो पेंटेकॉस्ट

यंदा पेंटेकॉस्टच्या सणासाठी चर्चमधलं लाल कापड पेटीतून काढलं आणि डांबरगोळ्यांच्या वासानं मी पुन्हा नऊ वर्षांची झाले.

तासगावजवळच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये त्या सकाळी धुळीमुळे दार लावलं होतं. पाळकसाहेब पवित्र आत्मा उतरून शिष्य परक्या भाषांत बोलू लागल्याचा उतारा वाचत होते, तेवढ्यात सरूमावशी उभी राहिली. लेक विहिरीत बुडाल्यापासून वर्षभर ती एक शब्दही बोलली नव्हती. आता ती घडाघडा बोलू लागली, तेही कुणाला न कळणाऱ्या भाषेत. "आत्मा उतरला!" म्हणत बायका रडू लागल्या.

माझे वडील मात्र पांढरेफटक पडले. ते जतचे, त्यांना कानडी कळायचं. मावशीचं माहेरही तिकडचंच.

"आवं, काय म्हणतीया ती?" आईनं विचारलं.

"दार उघडा म्हणतीया. पोरगी भायेर भिजून उभी हाय."

बाहेर कडक ऊन होतं. सगळे दाराकडे बघत राहिले, कुणीच उठलं नाही. मावशी हळूहळू गप्प झाली, ती कायमचीच.

तेव्हा मला दारामागच्या पोरीची भीती वाटली होती. आता मलाही लेक आहे. आता भीती वाटते ती आमची, एका आईसाठी कडी काढायलाही न उठलेल्या माणसांची.