रंगनाथच्या हिरड्यांवरची रेघ

परभणीच्या एका महाविद्यालयात पद्मजा सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. तास संपला की प्रयोगशाळेत, यीस्टच्या मागं. पाव फुगतो तो याच्याच जिवावर. पद्मजा त्यात कॅडमियम हा विषारी धातू मिसळायची आणि कोणत्या पेशी तगतात ते बघायची. पुष्कळ मरत. तगणाऱ्यांची करामत तिनं नुकतीच वाचली होती. पेशी धातूला गंधक असलेल्या रेणूंनी बांधते; मग पेशीतल्या रिक्तिका नावाच्या पिशवीच्या पडद्यातलं एक प्रथिन ते गाठोडं पिशवीत लोटतं. विष घरातच राहतं, पण कोंडून. हे वाहून नेणारं प्रथिन बिघडलं, की पेशी मेलीच म्हणायची.

जानेवारी १९९४. औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली, वातावरण तापलं, एसटी बंद पडली. नेमका तेव्हाच मानवतहून वहिनीचा, अंबिकाचा, फोन आला.

"वन्सं, ह्यांच्या पोटात लय कळा यायल्यात. उजवा पंजा तर उचलंना झालाय."

पद्मजाचा मोठा भाऊ रंगनाथ मानवतला जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचा. शिकवताना तिचं मन कशात लागेना. एकच वाक्य ती दोनदा बोलली. दुसऱ्या दिवशी पॅसेंजर मिळाली आणि ती मानवत रोडला उतरली.

घरामागच्या पत्र्याखाली भट्टी पेटलेलीच होती. सात महिन्यांची गरोदर अंबिका तिथली राखाडी धूळ झाडत होती.

"दादा, आ कर."

दातांच्या मुळाशी हिरडीवर निळी-काळी रेघ होती.

"शिसं भिनलंय तुझ्या अंगात."

"इतकी वर्षं करायलोय, आत्ताच बरं भिनलं?" रंगनाथ उसळला. "तुझं यीस्ट विष पचवतंय म्हणतीस. माणूस काय त्याच्याहून गेला?"

"पचवत न्हाई दादा, कोंडतंय. आपली हाडंबी थोडं कोंडतेत, पण परत रक्तात सोडतेत. वहिनीच्या पोटातबी उतरतंय ते."

रंगनाथनं अंबिकाकडं बघितलं. तिच्या हातातला झाडू तसाच थांबला होता. त्यानं डाव्या हातानं भट्टीतली लाकडं ओढून काढली.

औरंगाबादला उपचार झाले. शिशाला बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं त्याला दिली. पंजा हळूहळू वर आला, पकड मात्र पहिल्यासारखी राहिली नाही. तो मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं, काम शिकला. बहीणभावानं अंगणातली शिशाची धूळ बसलेली वरची माती खरवडून काढली.

फाल्गुनात मुलगी झाली. वजन ठीक, रडणं खणखणीत. तरी पोटात उतरलेल्या शिशानं बाळाच्या मेंदूला, कानांना इजा होऊ शकते, म्हणून पद्मजाचा जीव थाऱ्यावर नव्हता. मानवतला आली की पाळण्यामागं टाळी वाजवायची, पोर मान वळवते का बघायची. पोर रांगायला लागली, मग चालायला.

"आतातरी बस की गं," रंगनाथ म्हणाला, "नीट हाय ती."

पद्मजा बसली, पण पोरीला पुन्हा एकदा मागून हाक मारूनच.