आधी तपासलं, मग भरलं

त्या काळी मला माझ्या प्रोग्रामिंगचा भलताच माज होता. इटियाडोह धरणाच्या नहराखालच्या एका पाणीवाटप समितीला मी उन्हाळी धानासाठी पाण्याच्या पाळ्यांची यादी काढणारा प्रोग्राम लिहून दिला होता. कोणाच्या धानाच्या बांधीत कोणत्या दिवशी पाणी सोडायचं, हे तोवर एक म्हातारा नहरावर उभा राहून तोंडी सांगायचा. त्याला सगळ्यांचे धुरे-बांध पाठ होते. मी आलो आणि समितीने त्याला घरी बसवलं.

यादी भिंतीवर लागली त्याच दिवशी एक बाई समितीच्या खोलीत आली. वडील गेल्यावर भावांशी भांडून तिने पाऊण एकराचा हिस्सा आपल्या नावावर करून घेतला होता.

"माहं नाव काऊन नाही?" तिने विचारलं.

मी स्क्रीनवर पाहिलं. क्षेत्र शून्य, म्हणून नाव बाद. कागद नीट करून आणा, असं मी ऐटीत सांगितलं. ती तलाठ्याकडे जाऊन आली. कागद बरोबरच होता. तरी मी तिला पुन्हा पिटाळलं. यात दोन पाळ्या गेल्या आणि तिचं धान पिवळं पडलं. त्याहून वाईट म्हणजे भावांनी माझी यादी गावभर दाखवली. बहिणीची जमीनच नाही, कॉम्प्युटरच सांगतो, असं ते म्हणत फिरले.

तिसऱ्यांदा आली तेव्हा ती नुसती बाकावर बसून राहिली. मला लाज वाटली आणि मी एकदाचा कोड उघडला. जुन्या शेतकऱ्यांच्या नोंदी क्षेत्रासकट आल्या होत्या. वारसाने आलेली नवी नोंद मात्र प्रोग्राममध्ये तयार होताना शून्य क्षेत्र घेऊन यायचं, आणि बापाच्या मूळ नोंदीतून हिस्सा काढून ते नंतर भरलं जायचं. माझं व्हॅलिडेशन, म्हणजे शून्य क्षेत्राची नावं गाळणारी तपासणी, त्या भरण्याच्या आधीच चालत होतं. ताट वाढायच्या आधीच पोट भरलं का विचारावं, तसला प्रकार. दोन ओळी खाली सरकवल्या आणि तिचं पाऊण एकर यादीत आलं. अशी नवी नोंद त्या गावात तिची एकटीचीच होती, म्हणून दुसरं कोणी ओरडलं नव्हतं.

चूक माझी होती, हे मी तिला तिथेच सांगितलं.

"मले सांगून काय होते? गावात सांगा. लोक मले खोटी म्हणून राहिले."

मी नवी यादी घेऊन तिच्यासोबत गावात गेलो आणि चारचौघांसमोर चूक कबूल केली. तिच्या मोठ्या भावाने दोन्ही याद्या शेजारी शेजारी धरून सावकाश वाचल्या. मग मला विचारलं, "पहिले शून्य होतं, आता पाऊण एकर झालं. बाईनं काय देलं तुमाले?"

मी ओरडून समजावत राहिलो, पण लोक माझ्याकडे बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते. पुढच्या पाळीपासून तिला पाणी मिळालं. समितीच्या खोलीत ती पुन्हा कधी आली नाही.