गिरिजाबाईचं जहाज हलत न्हाई

आमच्या घरात एक जहाज अडकलंय. हसू नका. मंठ्यात समुद्र न्हाई हे मलाबी ठाऊक हाय. हे जहाज आकाशातलं, दोन ताऱ्यांच्या मधोमध, आन् ते अडकवलंय माझ्या बायकोनं.

बायको म्हंजे ज्योत्स्ना. माहेर हसनाबादचं. तिचे आई-बाप दुसऱ्याच्या कापसात मजुरीला जायचे आन् ही बांधावर बसून बोंडं मांडत मूळ संख्या शोधायची, असं तिची आई सांगती. मूळ संख्या म्हंजे जिला एक आन् ती स्वतः सोडून कुणी भागूच शकत न्हाई अशी. तुझ्यासारखीच, मी म्हणतो. मंग ती लाटणं उगारती. इथल्या हायस्कुलात गणित शिकवती. पोरं तिला टरकून असतेत, तरी तिच्याच तासाला वर्ग गच्च भरतो. कारण तास संपता संपता ती गोष्ट सांगती, आन् तीच गोष्ट संध्याकाळी ओट्यावर माझ्या वडलांना.

त्या गोष्टीतल्या जगात जहाजाला ना इंजिन, ना डिझेल. तिथं गणिती माणसं जहाज हाकतेत. एखादी गोष्ट पक्की सिद्ध केली की पुढची वाट उघडती. सिद्धतेत खोट राहिली की जहाज जागच्या जागी. तर गिरिजाबाई नावाची एक म्हातारी गणिती जहाजभर माणसं घेऊन निघाली, लेकरंबाळं, शेरडं-करडं सगळं, आन् एका गणितापाशी अडली. गणित काय, तर दोनाच्या पुढची कुठलीबी सम संख्या घ्या, ती दोन मूळ संख्यांची बेरीज असती. चार म्हंजे दोन आन् दोन. दहा म्हंजे तीन आन् सात. करून बघा, येतंय. पण ते नेहमीच येणार, हे आपल्या खऱ्या जगातबी आजवर कुणाला सिद्ध करता आलं न्हाई.

"मंग सुटलेलं घे की एखादं गणित!" मी म्हणालो.

"सुटलेल्यात कुणाचा जीव टांगणीला लागतोय?" ती म्हणाली आन् पुन्हा चुलीपासून ओट्यापर्यंत येरझाऱ्या सुरू. भाजी करपली. आमच्या घरी भाजी करपती ती गिरिजाबाईमुळंच. ज्योत्स्नाला स्वतःच्या मनानं लिहायचंय, खोटंबी लिहायचं न्हाई, आन् स्वस्थबी बसवत न्हाई. तिच्या पायी आम्हालाबी स्वस्थता न्हाई.

माझं मोटारी बांधायचं दुकान हाय, स्टँडच्या मागं. विहिरीवरची जळालेली मोटार येती, तार गुंडाळतो, चालू करून पाहतो, चालली की देऊन टाकतो. सिद्धबिद्ध करत बसलो तर गिऱ्हाईक मारंल मला.

आमचे आबा, म्हंजे माझे वडील कडूबा, जन्मभर इथल्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी होते. काट्यावर पहिलं पोतं चढलं की 'एक' म्हणायचं न्हाई, 'लाभ' म्हणायचं. मंग दोन, तीन, चार. आन् रास मोजत आली की तळाची पसाभर ज्वारी तशीच सोडायची, 'संपलं' हा शब्द तोंडातून काढायचा न्हाई. ज्योत्स्ना चिडवायची, "आबा, विहारात वंदना घेता आन् मोंढ्यात लाभ-लाभ करता?"

"हे देवाधर्माचं न्हाई पोरी, मापाचं हाय," आबा म्हणायचे. "रास संपली म्हणलं की माणसाचे हात गळतेत. पुढं काम होत न्हाई."

मागच्या महिन्यात आबांच्या छातीत कळ आल्ती. संभाजीनगरला नेलं तर डॉक्टर म्हणाले, छाती उघडावी लागंल, जल्दी करा. आबा बिलकुल तयार होईनात. "इतकी वर्सं बराबर चाललं, पुढंबी चालंल." लईच मागं लागलो तेव्हा कपडे पिशवीत भरू दिले, पण म्हणाले, "गिरिजाबाई पोचू दे आधी. मंग जातो." निव्वळ बहाणा! पण म्हाताऱ्यानं शब्द धरला म्हंजे धरला. ऑपरेशनची तारीख जवळ येऊन राह्यली, माझं दुकानात चित्त लागंना, पाना हातात असताना पाना शोधायलो. मी ज्योत्स्नासमोर हात जोडले, "अगं बाई, लिही ना पोचली म्हणून!"

"सिद्ध झालं न्हाई," ती म्हणाली. डोळे लाल, आवाज बारीक, पण तेच.

मला असा संताप आला! ती दहावीचे पेपर तपासायला जालन्याला गेल्ती, तेवढ्यात मी दुकानात बसून शेवट लिहून काढला आन् दुपारी आबांना वाचून दाखवला. गिरिजाबाईनं लाख संख्या तपासल्या. हरेक बराबर आली. मंग काय, सिद्ध झालं. जहाज हाललं, पोचलं, सगळे उतरले, शेरडंसुद्धा. गोष्ट संपली.

आबा उठले, पिशवीतले कपडे काढले आन् एकेक करून खुंटीला टांगले.

"आबा, हे काय? जायचंय ना आता?"

"आता कशाला जायचं? तळसुद्धा झाडून काढलास तू." भिंतीकडं तोंड करून पडले. पाणीबी घेईनात. चांगलं करायला गेलो आन् मापाड्याच्या पोरानं मापाड्यासमोर रास संपवली!

संध्याकाळी ज्योत्स्ना आली. मी सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडं एकदा पाह्यलं, पर्स तशीच खांद्याला ठेवून आबांच्या बाजंपाशी जाऊन बसली.

"आबा, जहाज पोचलं न्हाई."

"तुझ्या नवऱ्यानं पोचवलं."

"त्याला काय कळतंय! मोटार चालू करून पाह्यली, चालली, झालं त्याचं. लाख खेपा बराबर आलं म्हणून त्याच्या पुढच्या खेपेला येईलच, हे कुणी सांगितलं? असल्या पुराव्यावर तसूभर हलणार न्हाई जहाज. सगळे आतच हायेत."

आबा जरासे वळले. "शेरडं?"

"शेरडंबी."

"पण पोरी, लाख खेपा म्हंजे काय कमी झालं?"

"तेच तर! तुमचं काळीजबी आजवर बराबर चाललं. म्हणून पुढचा ठोका पडंल हे सिद्ध झालं का?" एवढं म्हणली आन् तिचा आवाज फुटला. "मला लई भ्या वाटून राह्यलंय, आबा. चला ना."

आबा कोपरावर जोर देत उठून बसले. मंग मला म्हणाले, "सुम्या, ती पिशवी आण."

ठरल्या तारखेला सकाळी संभाजीनगरच्या दवाखान्यात त्यांना ऑपरेशनला आत नेलं. बाहेर आम्ही दोघं. ज्योत्स्ना त्या लांबलचक बोळात येरझाऱ्या घालायली, घरी घालती तशाच. मी खुर्चीवर बसायचो, उठायचो, पाणी आणायचो, न पिताच ठेवायचो. तेवढ्यात आतून एक सिस्टर आली. "कडूबांचे कोण?" दोघंबी धडपडत पुढं झालो.

"घाबरू नका, आत्ताच सुरू झालंय. एक विचारायचं होतं. भूल देताना त्यांना म्हणलं आजोबा, एकापासून मोजा. तर एक म्हणेचनात. लाभ, लाभ करायले. कुणाचं नाव हाय का ते?"

"पहिलं पोतं हाय ते," मी म्हणालो. तिला काय कळणार!

"मंग पुढं मोजलं का?" ज्योत्स्नानं विचारलं.

"हो. दोन, तीन, चार. चारवर डोळे मिटले."

सिस्टर परत आत गेली. ज्योत्स्ना खाली फरशीवरच बसली आन् पदर तोंडाला लावून रडली. मलाबी आवरलं न्हाई. रडता रडता तिनं पर्समधून मोबाइल काढला. गोष्ट ती त्यातच लिहिती. मी तिचा हात धरला.

"काय बी लिही," मी म्हणालो, "पण आज जहाज हलवू नको."