चंद्रीच्या खुराकातली भुकटी

शिरोळकडच्या एका गावात त्या दिवशी मी तिसऱ्यांदा गेलो होतो, आणि तिसऱ्यांदाही गाय होती तशीच होती...

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. मी जनावरांचा नवा डॉक्टर, कोल्हापूरहून एसटीनं शिरोळच्या दवाखान्यात यायचं आणि पुढं सायकल. गाय शेवंताबाईंची. नवरा वारलेला, एका जर्सी क्रॉस गाईवर त्या घर चालवत होत्या. गावच्या दूध सोसायटीत स्वतःच्या नावावर दूध घालणारी ती एकटीच बाई.

गाईचं नाव चंद्री. व्यायल्याला वर्ष उलटून गेलं तरी ती माजावर येत नव्हती. दूध आटत चाललेलं. दीर म्हणत होते की दिवाळीपर्यंत गाभण राहिली तर ठीक, नाहीतर बाजारात नेऊन विकू. गाय गेली की शेवंताबाईंचं सभासदत्वही जाणार, आणि सोसायटीत नाव उरणार फक्त दिरांचं.

मी पुस्तकात वाचलं होतं तसं केलं होतं. हात घालून तपासलं तर अंडाशय बारीक, गुळगुळीत. हार्मोनचं इंजेक्शन दिलं. काही नाही... महिन्यानं पुन्हा दिलं. तरी नाही.

त्या तिसऱ्या दिवशी मी बॅग गव्हाणीच्या कडेवर ठेवून हात धूत होतो. वळून बघतो तर चंद्रीनं बॅगेचा चामडी पट्टा तोंडात घेतलेला, आणि ती तो शांतपणे चघळत होती.

मी पट्टा ओढून काढला आणि ही असं नेहमी करते का, म्हणून विचारलं. शेवंताबाई म्हणाल्या, हो, भिंत चाटते, माती खाते, दोरीवरचं लुगडंसुद्धा खाल्लं तिनं. वर्ष झालं असेल. मग आधी का नाही सांगितलं, मी विचारलं.

"तुम्ही इचारलासा कुठं, डाक्टर? आलासा की सुई काढतासा."

खरं होतं ते... मी खाली बसलो आणि पहिल्यांदाच खाण्यापिण्याचं विचारलं. चारा काय, तर उसाचं वाडं, म्हणजे तोडलेल्या उसाच्या शेंड्याची पानं. सकाळी वाडं, संध्याकाळी वाडं. फुकट मिळतं, दारातच असतं. पेंड बंद होऊन बरेच महिने झाले होते.

तेव्हा उलगडा झाला. नुसत्या वाड्यात फॉस्फरस अगदी कमी, आणि असलेलं कॅल्शियमही नीट अंगी लागत नाही. ही गाय महिनोनमहिने स्वतःच्या हाडातून काढून दूध देत होती, आणि ती उणीव भरायलाच माती नि चामडं चघळत होती. अशा वेळी शरीर आधी जीव सांभाळतं, पिलाचा विचार मागं टाकतं. मेंदूकडून अंडाशयाला जाणारे हार्मोनचे निरोपच मंदावतात. मी बाहेरून इंजेक्शननं हुकूम सोडत होतो, पण कोठार रिकामं होतं.

उपाय दवाखान्यातच होता, खनिज मिश्रणाची पुडकी. अडचण एकच... त्यात मुख्य भाग होता उकळून निर्जंतुक केलेल्या हाडांच्या भुकटीचा. ऑफिसात सगळ्यांचा सल्ला असायचा की हे सांगत बसू नका, 'औषध आहे' म्हणा.

दोन दिवसांनी पुडकं घेऊन गेलो. शेवंताबाईंनी ते उघडून बघितलं, वास घेतला आणि यात काय आहे म्हणून विचारलं. 'औषध' हा शब्द माझ्या अगदी ओठावर आला होता. पण आधीच दोनदा चुकलेला माणूस मी... सांगून टाकलं. हाडं आहेत, जनावरांचीच.

त्यांनी पुडकं गव्हाणीच्या कडेवर ठेवलं. चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता पुडकं परत देणार.

"तिच्या अंगातलं हाड झिजलंय म्हणतासा न्हवं? मग भरून निघू दे की. दिरास्नी मी सांगतो." (आमच्याकडे बायकाही 'सांगतो'च म्हणतात.)

रोज मूठभर भुकटी, गव्हाचा कोंडा, थोडी पेंड, आणि वाड्यात निम्मा हिरवा चारा मिसळायचा, एवढंच ठरलं. घरात दोन दिवस अबोला झाला म्हणे. तिसऱ्या दिवशी दीरच बांधावरचं गवत कापून गोठ्यात टाकून गेले.

महिन्याभरात भिंत चाटणं थांबलं. अंगावर तकाकी आली. दसऱ्याच्या आधी एका सकाळी शेवंताबाई स्वतः चालत दवाखान्यात आल्या, चंद्री पहाटेपासून हंबरते आहे, माजावर आली, म्हणून सांगायला. त्याच दिवशी कृत्रिम रेतन केलं आणि ती गाभण राहिली. बाजाराचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या पावसाळ्यात चंद्रीला कालवड झाली.

सोसायटीच्या सभेत मी खनिज मिश्रणावर बोलायला उभा राहिलो तेव्हा मागून कुणीतरी विचारलंच, त्यात हाडं असतात म्हणे? मी चाचरलो. शेवंताबाई जागेवरून उठल्या, सगळ्या पुरुषांसमोर हो म्हणाल्या आणि आपल्या गाईचं सगळं सांगून टाकलं, लुगड्यापासून कालवडीपर्यंत. सभा संपल्यावर पहिलं पुडकं त्यांच्या दिरांनी नेलं, आपल्या म्हशीसाठी.

मी रिटायर झालो तेव्हा भाषणात कुणीतरी म्हणालं, या भागात खनिज मिश्रण डॉक्टरांनी रुजवलं. मी गळ्यात हार घालून गप्प बसलो होतो...

ते शेवंताबाईंनी रुजवलं. मी फक्त पुडकी पोहोचवत होतो.